वनरक्षकाला रात्री जंगलात नेमके काय करता येते? सातपुड्यात रुजू होणाऱ्या बहिणीसाठी विचारणा

प्रश्न: सुकीकाठ (रावेर तालुका)

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण वनरक्षक म्हणून निवडली गेली असून प्रशिक्षण संपल्यावर तिला यावल अभयारण्याच्या बाजूचे एखादे नियतक्षेत्र (एका वनरक्षकाकडे राखणीला असलेला जंगलाचा भाग) मिळण्याची शक्यता आहे. आमचे घर केळीच्या बागायतीचे. जंगलाशी आमचा संबंध पालच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या झाडांपुरताच. त्यामुळे घरात आनंद आहे तेवढीच धास्तीही आहे.

त्यातच आमचे मामेभाऊ नुकतेच अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहून आले. तेथील रेंजरच्या कमरेला पिस्तूल असते, बेड्या असतात, तो गाडी अडवून दंड करतो आणि दरीत अडकलेल्या माणसाला दोरावरून वरही काढतो, असे त्यांनी आईला रंगवून सांगितले आणि शेवटी म्हणाले, "आपल्या ताईला मात्र काठी आणि बॅटरी मिळेल." ते थट्टेनेच बोलले, पण आईला त्या रात्री झोप लागली नाही.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. रात्रीच्या गस्तीत लाकूड तोडणारे किंवा शिकारी समोर आले, तर वनरक्षकाला स्वतः अटक करता येते, की पोलीस येईपर्यंत थांबावे लागते? वणवा, अस्वलाचा हल्ला, विहिरीत पडलेला बिबट्या अशा प्रसंगी पहिली जबाबदारी कोणाची? आणि मामेभाऊंनी केलेली तुलना कितपत खरी आहे? ज्यांनी हे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी लिहावे. बहीण स्वतः हे वाचणार आहे, म्हणून केवळ धीर देण्यासाठी गोड लिहू नये, ही विनंती.

उत्तर: अंजनछाया (चोपडा)

सुकीकाठ, तुमच्या बहिणीचे अभिनंदन. मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा मोठा भाग सातपुड्याच्या पायथ्याला गेला. त्या आधारावर लिहितो.

आधी एका शब्दाचा घोटाळा दूर करतो. आपल्याकडे रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी. तुमची बहीण त्याच्या दोन पायऱ्या खाली असेल: तिच्याकडे नियतक्षेत्र, म्हणजे आमच्या बोलण्यातले 'बीट', अशी काही बीटे मिळून वनपालाचे वर्तुळ, आणि वर्तुळे मिळून रेंज. शिवाय महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहाच आहेत आणि त्यांपैकी एकही खानदेशात नाही. आपल्याकडे १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आहे, शिरपूरकडे अनेर धरणाचे आहे, चाळीसगावच्या अंगाला गौताळा औट्रमघाट आहे आणि मुक्ताईनगरकडे मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. नाव काहीही असले तरी बीटावरच्या माणसाचे काम फारसे बदलत नाही.

दुसरी गोष्ट अशी की बाहेरच्या लोकांना या नोकरीत अटक, पाठलाग, झटापट दिसते. माझ्या वर्षातले फार थोडे दिवस त्यात गेले. बाकीचे सगळे आणीबाणीत जातात आणि ती ऋतूप्रमाणे येते. होळीच्या सुमारास मोह गळू लागतो तेव्हा वणवा आणि अस्वल एकदमच येतात. उन्हाळा तापला की पाणवठे आटतात आणि उरलेल्या एकदोन पाणवठ्यांवर कोणी विष कालवले नाही ना, वाटेवर फासे लावले नाहीत ना, हे रोज पाहावे लागते. पावसाळ्यात नाले, साप आणि हौशी पर्यटक. हिवाळ्यातल्या लांब रात्री सागवान तोडणाऱ्यांच्या.

वणव्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण वनरक्षकाचा जीव धोक्यात येतो तो बहुतेक वेळा तेथेच, माणसाच्या कुऱ्हाडीने नव्हे. आपले जंगल पानगळीचे. फेब्रुवारीपासून साग, सालई, अंजन यांचा पाचोळा घोट्यापर्यंत साचतो. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, टेंभुर्णीला कोवळी पाने फुटावीत म्हणून पेटवतात, कोणी विडी टाकून देतो, आणि एका झाडाखालची आग दुपारच्या वाऱ्याने टेकडी चढते. हल्ली भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर येतो. आमच्या वेळी धूर दिसला की डोंगराकडे बोट दाखवायचे आणि चालू लागायचे. तरीही उपग्रह आग विझवत नाही, तिच्यापर्यंत पायीच जावे लागते.

तेथे पोहोचल्यावर नवा माणूस एक चूक हमखास करतो: तो आगीच्या तोंडासमोर, चढाच्या बाजूला जाऊन उभा राहतो. आग चढावर धावते, उतारावर रांगते. म्हणून तिच्या शेपटीकडून आणि दोन्ही कुशींनी झोडपत पुढे सरकायचे; समोरून तोंड दाबायचे ते फक्त जाळरेषा (आग अडावी म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा), रस्ता किंवा कोरडा नाला हाताशी असेल तेव्हाच. उलटी आग लावणे, म्हणजे येणाऱ्या आगीसमोरचा पाचोळा आपणच आधी जाळून टाकणे, हे अनुभवी माणसाचे काम आहे, पहिल्या दोन वर्षांत तिने त्याच्या वाटेला जाऊ नये. रात्र पडली की वारा पडतो, हवा दमट होते आणि दुपारी न आवरलेली आग पहाटे चार वाजता चौघांत विझते, म्हणून दिवसा सगळी ताकद खर्चून टाकू नये. एकदा दोन नाल्यांमधल्या सोंडेवर वारा अचानक फिरला आणि मी वरच्या बाजूला पळू लागलो, तेव्हा आमच्या तडवी वनमजुराने माझा दंड धरून मला उलट दिशेला, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर ओढले. "साहेब, जळालेलं दुसऱ्यांदा जळत नाही," एवढेच तो म्हणाला. माझ्या बुटांचे तळ वितळले, पण मी आज हे लिहितो आहे.

अस्वलाबद्दल थोडक्यात. पहाटे मोह वेचणारी बाई आणि मोह खाणारे अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येतात. जखम बहुधा चेहऱ्याला आणि डोक्याला होते. जखमीला आधी गाडीत घालायचे आणि पंचनामा नंतर करायचा, पण त्याच दिवशी करायचा, कारण नुकसानभरपाईचा सगळा डोलारा त्या कागदावर आणि डॉक्टरांच्या दाखल्यावर उभा राहतो. शेतात वीजप्रवाह सोडलेल्या तारेत जनावर अडकले असेल, तर महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नये, स्वतःही जाऊ नये. विहिरीतल्या बिबट्याचा धोका विहिरीत नसतो, विहिरीच्या काठावर मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या पाचशे माणसांत असतो. तेथे पहिला फोन आपल्या रेंजरला आणि दुसरा पोलीस ठाण्याला, गर्दी मागे सारण्यासाठी. बिबट्याला बसायला दोर बांधून खाट सोडणे वगैरे नंतरचे.

आता रात्रीच्या कुऱ्हाडीचे. थंडीतल्या एका रात्री मी आणि एक वनमजूर गस्तीला होतो, तेव्हा नाल्याच्या पलीकडून कुऱ्हाडीचा आवाज आला. थांबून ऐकले तर घाव तीन वेगवेगळ्या ठिकाणचे होते, म्हणजे माणसे किमान सहा-सात असणार. मला अटकेचा अधिकार होता, यात शंका नाही. पण अधिकार एका हाताचा आणि माणसे सातजण. आम्ही बॅटरी लावली नाही. ती माणसे माल घेऊन कोणत्या वाटेने उतरणार याचा अंदाज बांधला, टेकाडावर जाऊन वननाक्याला आणि रेंजरला कळवले, आणि पहाटे पायथ्याशी दबा धरलेल्या पथकाने गाडी पकडली. माणसे दोनच सापडली. उजेडात आम्ही परत वर गेलो, प्रत्येक खुंटाचा घेर मोजला, पकडलेल्या ओंडक्याच्या बुडाशी तो जुळवला, जप्तीची खूण म्हणून हातोड्याचे ठसे मारले आणि सगळा पंचनामा त्याच जागी बसून लिहिला. ते प्रकरण न्यायालयात टिकले.

त्याआधीचे एक टिकले नव्हते, आणि त्यातला दोष आमचाच होता. माल रात्री पकडला, थकून झोपलो आणि पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात बसून लिहिला. पंच म्हणून आमचेच दोन रोजंदारी मजूर. उलटतपासणीत वकिलाने दोन्ही पंचांना एकच प्रश्न विचारला, "खुंट नाल्याच्या कोणत्या बाजूला होते?" दोघांनी दोन बाजू सांगितल्या. आरोपी सुटले, आणि सुटल्यावर त्यांच्यापैकी एकाने मला चहाही पाजला, हे वेगळे.

उत्तर: न्यायपत्र (जळगाव)

अंजनछाया यांनी अनुभव सांगितला. त्याला कायद्याची बाजू जोडतो. मी वकिली करतो आणि वनगुन्ह्यांच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे.

अटकेच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: होय, करता येते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६४ नुसार एक महिना किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा असलेल्या वनगुन्ह्यात एखाद्याचा हात असल्याचा वाजवी संशय असेल, तर कोणताही वन अधिकारी त्याला वॉरंटाशिवाय अटक करू शकतो, आणि येथे 'वन अधिकारी' या शब्दात वनरक्षकही येतो. कलम ५२ खाली माल, हत्यारे, गाडी आणि बैलसुद्धा जप्त करता येतात. वन्य प्राण्याशी संबंधित गुन्हा असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम ५० लागू होते. तेथे पोलिसांपैकी उपनिरीक्षकाच्या खालच्या माणसाला हे अधिकार नाहीत, पण वन अधिकाऱ्याच्या बाबतीत दर्जाची अशी अट नाही. गाडी थांबवणे, झडती, जप्ती आणि अटक या चारही गोष्टी तुमच्या बहिणीला करता येतील. थोडक्यात, पोलीस हवालदाराला जे या कायद्याखाली करता येत नाही ते वनरक्षकाला करता येते. मामेभाऊंना हे अवश्य सांगावे.

मात्र अटक केल्याक्षणी घड्याळ सुरू होते. अटकेचे कारण त्या व्यक्तीला तेथेच सांगितले पाहिजे, तिच्या नातेवाइकाला कळवले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत तिला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. ही संविधानाच्या अनुच्छेद २२ ची आज्ञा आहे आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. सातपुड्याच्या आतल्या पाड्यातून यावल किंवा चोपड्याच्या न्यायालयापर्यंत पोहोचण्याचा वेळ धरला तरी हाताशी फार तास नसतात. वन अधिनियमाखाली बंधपत्रावर (हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडण्याचा अधिकार रेंजरच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला नाही, तेव्हा बहिणीने "उद्या हजर राहा" असे सांगून कोणाला आपल्या मनाने सोडू नये आणि कोणाला रात्रभर चौकीत बसवूनही ठेवू नये. दोन्ही गोष्टींची चौकशी लागते. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी जपावे: सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करणे केवळ अपवादात्मक परिस्थितीत आणि दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीनेच शक्य आहे.

कबुलीजबाबाविषयी नव्या कर्मचाऱ्यांचा मोठा गैरसमज असतो. जंगलात पकडलेल्या माणसाकडून चार ओळी लिहून घेतल्या की गुन्हा सिद्ध झाला, असे त्यांना वाटते. १९७२ च्या कायद्यात साक्षीपुरावा नोंदवण्याचा अधिकार कलम ५०(८) खाली सहायक वनसंरक्षकाच्या दर्जापासून वर, आणि तोही अधिकार दिला असेल तर, मिळतो. आरोपीच्या समक्ष नोंदवलेला असा पुरावा पुढे खटल्यात ग्राह्य धरता येतो. वनरक्षकाचे काम जागा, वेळ, माणसे आणि माल यांची अचूक नोंद करणे, प्राथमिक गुन्हा अहवाल म्हणजे पीओआर फाडणे आणि तो वेळेत वर पाठवणे एवढेच आहे. पण सगळा खटला उभा राहतो तो त्या 'एवढेच' वर. वन्यजीवाच्या गुन्ह्याची दखल न्यायालय कलम ५५ मधील अधिकृत व्यक्तीच्या तक्रारीवरूनच घेते, केवळ पोलिसांच्या आरोपपत्रावरून घेत नाही, म्हणूनही विभागाचा कागद कच्चा राहून चालत नाही.

शिक्षेचे म्हणाल, तर १९७२ च्या कायद्याच्या अनुसूची एकमधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कारावास आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने किमान दंड पंचवीस हजार रुपये झाला आहे. उलट, कर्तव्यावर असताना तुमच्या बहिणीवर कोणी हात उगारला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली, आणि इजा झाली तर कलम १२१ खाली पोलिसांत गुन्हा नोंदवता येतो. तो नोंदवण्यात संकोच करू नये. "गावाशी संबंध बिघडतील" म्हणून गप्प बसलेले कर्मचारी मी पाहिले आहेत आणि पुढच्या वेळी दगड मोठा असतो, हेही पाहिले आहे.

बिबट्याबद्दल एक खुलासा. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक ठरवलेला बिबट्या गोळी घालून मारण्यात आला, तेव्हापासून कुठेही बिबट्या दिसला की लोक वनरक्षकाला "मारून टाका" म्हणतात. अनुसूची एकमधला प्राणी मानवी जीवाला धोकादायक झाला आहे आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्यावर कलम ११ खाली कारणांसह लेखी आदेश देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला आहे. बीटावरच्या कोणालाही तो नाही, जमावाच्या दबावाखाली तर नाहीच. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, ही तरतूद निराळी.

उत्तर: बोरीकाठचा प्रवासी (मूळ अमळनेर, सध्या डेन्व्हर)

मामेभाऊंनी सांगितले ते खोटे नाही, पण त्यांनी रेंजर एकाच कोनातून पाहिला. येथील राष्ट्रीय उद्यानांत सगळे रेंजर पिस्तूल बाळगत नाहीत. टोपी सारखीच असली तरी माहिती देणारे, सहली नेणारे रेंजर वेगळे आणि कायदा अंमलात आणणारे वेगळे. या दुसऱ्या प्रकारच्या रेंजरना जॉर्जिया राज्यातील ग्लिंको येथे केंद्र सरकारच्या अंमलबजावणी प्रशिक्षण केंद्रात तयार केले जाते आणि शस्त्र बाळगण्याचा व अटकेचा अधिकार कायद्याने दिला जातो. योसेमिटीच्या दरीत तर उद्यानाचे स्वतःचे न्यायालय आणि कोठडी आहे. आपल्याकडे आरोपीला घेऊन तालुक्याला उतरावे लागते, त्याच्याशी तुलना केली तर ही मोठी सोय आहे.

पण ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. यलोस्टोन १८७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, तरी पुढची बावीस वर्षे तेथे शिकाऱ्याला शिक्षा करणारा कायदाच नव्हता. १८८६ पासून राखणीला घोडदळ होते. मार्च १८९४ मध्ये एडगर हॉवेल नावाचा शिकारी पेलिकन दरीत गवे मारताना सापडला. त्याला पकडणारा स्काउट (टेहळणी करणारा माणूस) उघड्या बर्फावरून, फक्त रिव्हॉल्व्हर घेऊन, बंदूकधारी माणसाच्या पाठीमागून गेला होता. एवढे धाडस करून पकडलेल्या माणसाला उद्यानाबाहेर हाकलून देण्यापलीकडे कोणालाच काही करता येईना. त्या बातमीने इतका गदारोळ झाला की मे १८९४ मध्ये लेसी यांचा कायदा मंजूर झाला आणि यलोस्टोनमधील शिकारीला तुरुंगवास व दंडाची तरतूद आली. राष्ट्रीय उद्यान सेवा तर त्यानंतर, १९१६ मध्ये स्थापन झाली. न्यायपत्र यांनी सांगितलेली कलमे तुमच्या बहिणीच्या हाती पहिल्या दिवसापासून असतील. त्या स्काउटकडे ती नव्हती.

येथेही रेंजरचा वेळ गुन्हेगारांपेक्षा पर्यटकांना त्यांच्याच मूर्खपणापासून वाचवण्यात जातो. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड आणि गव्यासह इतर प्राण्यांपासून पंचवीस यार्ड दूर राहण्याचा नियम आहे, आणि तो मोडून गव्यासोबत फोटो काढायला जाणारे दरवर्षी असतात. ग्रँड कॅनियनमध्ये उन्हाळ्यात लोक सकाळी उत्साहाने दरीत उतरतात आणि दुपारी चढताना उष्माघाताने कोसळतात. १९९६ च्या उन्हाळ्यात असे बरेच मृत्यू झाल्यावर १९९७ पासून तेथे पायवाटेच्या तोंडाशीच माणसे उभी करण्यात आली, "पाणी किती घेतले आहे, टोपी आहे का, कुठपर्यंत जाणार?" असे विचारून ती लोकांना वेळीच परत फिरवतात. मनुदेवीच्या धबधब्याला किंवा पाटणादेवीच्या डोंगरात पावसाळ्यात होणारी गर्दी आठवली की मला वाटते, दोर आणि स्ट्रेचर येतील तेव्हा येतील, पण नाल्याच्या तोंडाशी एक माणूस उभा करायला पैसे लागत नाहीत.

उत्तर: पाड्यावरचा (यावल-चोपडा हद्द)

वरचे सगळे वाचले. अंजनछाया आप्पांनी वणव्याचे लिहिले ते खरे आहे, पण एका वाक्याला माझी हरकत आहे. मोहाखालची आग हीच वणव्याचे मूळ, असे वाचणाऱ्याला वाटेल. आमच्या पाड्यावर बायका आधी झाडाभोवतीचा पाचोळा झाडून गोल मोकळा करतात आणि मगच मधला पेटवतात. जेथे ही रीत मोडली तेथे आग बाहेर जाते, हे मी नाकारत नाही. पण रस्त्याच्या कडेला थांबून जेवण शिजवणारे आणि तसेच निघून जाणारे गाडीवालेही असतात, त्यांचे नाव पंचनाम्यात कधी येत नाही.

मी पावरा समाजाचा आहे. माझ्या लहानपणी वडिलांची बैलगाडी एका कर्मचाऱ्याने धरली होती. गाडीत घराच्या छपरासाठी वाळलेली लाकडे होती. ती सुटायला तीन महिने लागले, पेरणी दुसऱ्याच्या बैलांनी झाली आणि लेखी कागद शेवटपर्यंत मिळाला नाही. ताई, कलम ५२ तुमच्या हाती असेल तेव्हा जप्तीची पावती द्यायला विसरू नका, आमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे.

वकीलसाहेबांनी १९२७ आणि १९७२ चे कायदे सांगितले, २००६ चा वनहक्क कायदा सांगितला नाही. तो अभयारण्यालाही लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपज (डिंक, मोहफुले असे लाकूड सोडून मिळणारे जंगलाचे उत्पन्न) गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आहे आणि कलम ४(५) नुसार वनहक्काच्या दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही त्याच्या कब्जातल्या वनजमिनीवरून काढता येत नाही. डिंकाचेच पाहा. धावड्याच्या किंवा सालईच्या खोडाला खोल घाव घालून, झाड वाळेपर्यंत डिंक ओरबाडणारी आणि रात्री गाडीने नेणारी टोळी वेगळी, आणि ग्रामसभेच्या हक्काने पिशवीभर डिंक बाजारात नेणारी म्हातारी वेगळी. नाक्यावर दोघांनाही 'तस्कर' म्हटले की टोळीची खबर देणारे तोंड कायमचे बंद होते. आग लागली की आम्ही धावतोच. अभयारण्यात राहणाऱ्यावर कलम २७ ने आग विझवण्याची जबाबदारी आहे हे मला अलीकडे कळले, माझ्या आजोबांना ते कधीच माहीत नव्हते, तरी ते जात.

अंजनछाया (चोपडा)

पाड्यावरचा भाऊ, हरकत मान्य. रस्त्याच्या कडेच्या आगी मी मोजल्या असत्या तर बऱ्याच निघाल्या असत्या. आणि त्या रात्री कुऱ्हाडी चालणार हे मला संध्याकाळीच एका पाड्यावरून कळले होते, हे मी वर लिहिले नव्हते. ते कोणी सांगितले हे आजही लिहिणार नाही.

न्यायपत्र (जळगाव)

वनहक्क कायद्याचा उल्लेख राहिला ही माझी चूक. एक भर घालतो: गौण वनोपजात इमारती लाकूड येत नाही, त्यामुळे सागाच्या ओंडक्याला हा बचाव मिळत नाही, आणि जप्ती केल्यावर यादी, पंचांच्या सह्या व दंडाधिकाऱ्यांना अहवाल या गोष्टी उपकार म्हणून नव्हे तर कायद्याने करायच्या असतात. बैलगाडीच्या बाबतीत जे घडले ते तेव्हाही बेकायदा होते.

सुकीकाठ (रावेर तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. बहिणीने दोनदा वाचले आणि काही कलमे वहीत उतरवून घेतली. आईला मी पिस्तुलाऐवजी काळ्या जमिनीची गोष्ट वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग "बूट चांगले घेऊन दे तिला," म्हणाली. बहिणीचा एकच प्रश्न उरला आहे: रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात तिने काय करावे?

अंजनछाया (चोपडा)

ताई, पहिल्या महिन्यात कोणालाही पकडायला जाऊ नका. आपल्या बीटाची हद्द एकदा पूर्ण पायी फिरा, दिवसा आणि वनमजुराला सोबत घेऊन. मध्य प्रदेशची सीमा लागत असेल तर पलीकडच्या बीटावर कोण आहे त्याचा नंबर घ्या, कारण पळणारा माणूस सीमेचा दगड ओळखतो. कोणत्या टेकाडावर मोबाइलला रेंज येते ते वहीत लिहा. मे महिन्यात कोणते पाणवठे टिकतात ते विचारून घ्या. एकशे आठची रुग्णवाहिका कोणत्या फाट्यापर्यंत येऊ शकते ते स्वतः गाडीने जाऊन पाहा, कारण त्यापुढे जखमीला खाटेवर आणावे लागेल आणि खाट कोणाच्या घरी मिळेल हेही माहीत असावे. सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या दवाखान्यात असते ते दर पावसाळ्याआधी जाऊन विचारा, फोनवर विचारू नका. विभागाचा १९२६ हा क्रमांक पाड्यापाड्यावर भिंतीवर लिहून ठेवा, आणि त्याच्याखाली स्वतःचाही. बॅटऱ्या दोन ठेवा. पीओआरचे पुस्तक आणि कार्बन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी नेहमी खांद्याला. बुटांचे आई म्हणाली ते बरोबर आहे, फक्त तळ उष्णतेने वितळणारे नकोत, ते पाहून घ्या.